मी फोन केला नसता तर? कारण नेमकं कशाला म्हणावं?

शेवरीकाठ

मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. विषय तत्त्वज्ञानाचा आहे, पण माझ्याकडे तो पुस्तकातून आलेला नाही.

आमचं गाव यावल आणि चोपड्याच्या मधलं, सातपुड्याच्या पायथ्याचं. केळीची बाग आहे, पावसाळ्यानंतर लावलेली, तिला आमच्याकडे कांदेबाग म्हणतात. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आमचे आप्पा गेले. त्या आठवड्यात शेतीच्या लाइटीची दिवसाची पाळी होती. मी पुण्याहून सकाळी अकराला फोन केला आणि नेहमीसारखं विचारलं, "आप्पा, कांदेबागेचे व्हॉल्व्ह बदलले का? दोनला लाइट जाईल." ते म्हणाले, "जातो आता." बाराच्या सुमाराला गेले. तीनला शेजारच्या शेतातल्या माणसाला बांधावरच्या निंबाजवळ पडलेले दिसले. अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा थेंब नाही. तालुक्याला नेलं. रात्री आठला सगळं संपलं.

डॉक्टरांनी लिहिलं, उष्माघात. भाऊ म्हणतो, लाइट पहाटेची असती तर आप्पा भर दुपारी गेलेच नसते. आई म्हणते, देवानं नेलं. तीच असंही म्हणते की त्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर भरतानाच तडकली होती, तेव्हाच समजायला हवं होतं. आणि मी मनात म्हणतो, माझा फोन.

ही सगळी वाक्यं खरी वाटतात. मग 'कारण' हा शब्द आम्ही सगळे एकाच अर्थानं वापरतोय का? आणि 'फोन केला नसता तर आप्पा वाचले असते' हे वाक्य खरं की खोटं, हे ठरवायचं कसं? जे घडलंच नाही ते कोणी पाहिलंय? माणसाला हे कळू शकतं, की इथे आपल्या कळण्याची हद्दच संपते?

मला सांत्वन नकोय, ते नातेवाइकांनी पुष्कळ केलं. मला खरंच जाणून घ्यायचंय.

वाघूर

मी भुसावळकडे दवाखाना चालवते. एप्रिल-मे मध्ये असे रुग्ण दरवर्षी बघते, म्हणून आधी शरीराचं सांगते.

उष्माघातात शरीराचं आतलं तापमान ४० अंशांच्या वर जातं आणि मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र हात टेकतं. वय झालं की तहान उशिरा लागते. तुमच्या आप्पांना रक्तदाबाची गोळी होती का? काही गोळ्यांमध्ये लघवी जास्त करवणारं औषध असतं. त्यानं अंगातलं पाणी आणि मीठ आधीच कमी झालेलं असतं, आणि तसा माणूस ४५ अंशांत तासभर उभा राहिला तर लवकर कोसळतो.

आता तुमच्या प्रश्नाचं. मृत्यूच्या वैद्यकीय दाखल्यावर एक कारण लिहून भागत नाही. आधी तात्काळ कारण, मग ते ज्यामुळे झालं ते, मग त्याच्याही मागचं, अशा ओळी असतात. हातभार लावणाऱ्या इतर आजारांना खाली वेगळी जागा असते. म्हणजे आमच्या शास्त्रानंही कारण ही साखळी आहे हे मान्य केलंय. पण ती साखळी आम्ही एका जागी तोडतो. पुढचा माणूस वाचवायला जे कारण उपयोगी पडेल, तिथे. दुसऱ्या कामासाठी विचारलंत तर ती दुसरीकडे तुटेल. भावाला लाइटीची वेळ दिसते, कारण ती बदलता येईल असं त्याला वाटतं.

शेवरीकाठ

होय, गोळी होती. हे आम्हाला कोणी कधीच सांगितलं नव्हतं.

कापूसकोंड्या

मी हे नाव घेतलं ते लहानपणी आजी कापूसकोंड्याची गोष्ट सांगायची म्हणून. 'हो' म्हणालात तरी गोष्ट पुढे, 'नाही' म्हणालात तरी पुढे, आणि गोष्ट काही सुरू होत नाही. कारणांचंही तसंच आहे. फोन का केला, तर ठिबकाचे व्हॉल्व्ह हातानं बदलावे लागतात म्हणून. ठिबक का, तर विहिरीचं पाणी खोल गेलं म्हणून. तुम्ही पुण्यात का, तर शिक्षण झालं म्हणून, आणि ते आप्पांनीच केलं. असं मागे जात राहिलात तर तुम्हाला शिकवणारे आप्पा हेच आप्पांच्या मरणाचं कारण ठरतील. कुठेतरी थांबावं लागतं, आणि कुठे थांबायचं हे निसर्ग सांगत नाही.

डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञानं १७३९ मध्ये याच्याही खोल जाऊन विचारलं होतं की 'कारण' म्हणून नेमकं दिसतं काय? एक गोष्ट आधी, दुसरी नंतर, दोन्ही जवळजवळ, आणि असं पुष्कळदा. एवढंच. दोघींना बांधणारी दोरी कोणालाही दिसलेली नाही, ती आपल्या मनाच्या सवयीनं बांधलेली असते. तुमच्या बाबतीत तर 'पुष्कळदा'सुद्धा नाही. आप्पा एकदाच गेले.

सरळरेषा

माझं मत स्पष्ट आहे. जगात जे घडतं ते आधीच्या स्थितीवरून ठरलेलंच असतं. तुम्ही फोन करणार हेही ठरलेलं होतं. ज्यात निवडच नव्हती त्यात तुमचा दोष कसा?

जुनी वही

मी अमळनेरची, न्यायदर्शन, म्हणजे तर्काचा विचार करणारं भारतीय दर्शन, शिकले आहे. शेवरीकाठ दादा, तुमचा धागा काल रात्री तीनदा वाचला, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांनी, कारणाची व्याख्या करताना तीन अटी घातल्या. कारण कार्याच्या आधी असावं, नेमानं आधी असावं, आणि 'अन्यथासिद्ध' नसावं. ही तिसरी अट तुमच्या कामाची आहे. अन्यथासिद्ध म्हणजे जे आधी हजर होतं, पण ज्याच्यावाचून काही अडलं नसतं. त्यांचं नेहमीचं उदाहरण कुंभाराच्या गाढवाचं. गाढवानं माती वाहून आणली, त्या मातीचा घडा झाला. पण माती बैलगाडीनं आली असती तरी घडा झालाच असता. म्हणून माती कारण, चाक फिरवणारा दांडा कारण, कुंभार कारण, गाढव नाही. कुंभाराचा बापही कारण नाही. बाप नसता तर कुंभार नसता हे खरं, पण घड्याशी त्याचा संबंध कुंभारामार्फतच येतो. कापूसकोंड्या, तुमच्या न संपणाऱ्या साखळीला विश्वनाथाच्या भाषापरिच्छेद या न्यायाच्या ग्रंथात या जागी बांध घातलेला आहे.

दुसरं, आईंचं वाक्य. न्यायात साधारण आणि असाधारण असा भेद आहे. ईश्वर, काल, दिशा, अदृष्ट (म्हणजे पूर्वकर्माचं पाप-पुण्य) ही प्रत्येक कार्याची साधारण कारणं. 'देवानं नेलं' हे नैयायिक खोटं ठरवत नाही. तो म्हणतो, देव घडा बनण्यालाही कारण आणि फुटण्यालाही कारण, म्हणून 'हेच का घडलं, ते का नाही' या प्रश्नाचं उत्तर त्यातून मिळत नाही. त्यासाठी असाधारण कारण शोधावं लागतं. सरळरेषा यांचं 'सगळं ठरलेलंच' हेही मला त्याच जातीचं वाटतं. ते सगळ्याला सारखंच लागू पडतं, म्हणून यातलं काहीच उलगडत नाही.

तिसरं, तडकलेली घागर. संस्कृतात हेतू दोन प्रकारचा, कारक आणि ज्ञापक. धूर आगीचा ज्ञापक आहे, आग आहे हे तो कळवतो, आग लावत नाही. आई घागरीला कारक म्हणत नाहीत, ज्ञापक म्हणतात. पण ज्ञापक व्हायलाही व्याप्ती लागते. जिथे जिथे घागर तडकली तिथे तिथे तसं घडलं, असं दिसलं पाहिजे. कोऱ्या घागरी दर आखाजीला कितीतरी घरांत तडकतात. ज्या घरात पुढे काही झालं नाही तिथे ती तडकलेली कोणाच्या लक्षातच राहत नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते ती अशी.

काळी कसदार

रावेर तालुक्यात आमचीही केळीच. तत्त्वज्ञान शिकलेलो नाही, पण कारण शोधताना फसलो मात्र आहे. हरण्या रोग आला तेव्हा आठ दिवस ढगाळ होतं, म्हणून मी म्हणायचो ढगानं आला. चुलतभाऊ म्हणायचा रोपंच खराब. हरण्या म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरस, आणि तो पसरवते मावा ही कीड. बांधाला काकडी होती, त्यात मावा होता. ढगाळ हवेत मावा वाढतो, म्हणून ढगही अगदीच निर्दोष नाही. पण नुसते ढग असून काकडी आणि तण काढलं त्या वर्षी रोग आला नाही.

तेव्हापासून काहीही नवीन घातलं की दोन ओळी तशाच सोडतो. न घातलेल्या ओळीशी ताडल्याशिवाय घातलेलं लागू पडलं म्हणायचं नाही. इंग्लंडात रोथॅमस्टेडच्या शेतावर रोनाल्ड फिशरनं १९२० च्या दशकात हेच शास्त्र बसवलं. चिठ्ठ्या टाकून वाफे निवडायचे, म्हणजे आपला कल मध्ये येत नाही.

भाऊ, तुम्ही म्हणता जे घडलं नाही ते कोणी पाहिलंय. आम्हीही त्या ओळीचं 'नाहीतर काय झालं असतं' पाहत नाही, शेजारची ओळ पाहतो. तुमच्याकडे शेजारची ओळ आहे का? आप्पा दुसऱ्या दिवशी, तुमचा फोन नसताना, किती वाजता शेतात जायचे? केळीवाला माणूस पाण्याची वही ठेवतोच.

पांझरेचा

भाऊ, तुन्हं लिखेल वाचीसन डोयास्मा पानी उनं. मन्हा बाप कपाशीवर फवारा मारता मारता गया. मीच सांगेल व्हतं, आज मारी टाक. पंधरा वरीस व्हयनात. आजपावत कोनलेच सांगेल नही, आज आठे लिखस.

शेवरीकाठ

पांझरेचा भाऊ, तुमचा हा प्रतिसाद मी परत परत वाचतोय. लिहिलंत, बरं केलंत. पुढचं जे शोधतोय ते आता दोघांसाठी शोधतोय.

काळी कसदार, वही आहे. भावाकडे आहे. मागवतो.

सातमाळा

चाळीसगावचा, भौतिकशास्त्र शिकवतो. सरळरेषा यांचं 'ठरलेलंच असतं' हे आजच्या भौतिकशास्त्राच्या नावानं म्हणता येत नाही. कार्बन-१४ हा किरणोत्सारी अणू घ्या. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू फुटायला लागणारा काळ, सुमारे ५७३० वर्षं, हे आपण छातीठोक सांगतो. पण समोरचा एक अणू आजच का फुटला, त्याच्या शेजारचा का नाही, याला पुंजभौतिकीच्या (क्वांटम फिजिक्सच्या) प्रचलित मांडणीत कारणच नाही. पुष्कळांना वाटायचं की कारण असणार, आपल्याला दिसत नाही एवढंच. १९६४ मध्ये जॉन बेल यांनी ते तपासायची कसोटी दिली. त्या कसोटीवरच्या प्रयोगांसाठी २०२२ चं नोबेल आस्पे, क्लॉझर आणि झायलिंगर यांना मिळालं. कणांच्या पोटात उत्तर आधीच लिहिलेलं असतं, आणि कुठलाही परिणाम प्रकाशापेक्षा वेगानं पोचत नाही, ही दोन गृहीतकं एकत्र धरली तर प्रयोगांशी जुळत नाहीत.

पण याचा आधार घेऊन कोणी म्हणेल की कार्यकारणच खोटं, तर तेही मला पटत नाही. अणूंच्या पातळीवरची ही अनिश्चितता मे महिन्यातल्या उन्हाला माफ करत नाही.

दादांच्या प्रश्नाला मला जास्त जवळचा वाटतो तो हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेंझ. १९६१ मध्ये त्यांनी हवामानाचं गणित संगणकावर पुन्हा चालवताना ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ भरलं. थोड्याच वेळात दोन्ही हवामानं एकमेकांना ओळख दाखवेनाशी झाली. तिथे सगळी समीकरणं ठाऊक होती, नशीब कुठेच नव्हतं, तरी पुढचं सांगता येईना. म्हणजे 'ठरलेलं असणं' आणि 'आपल्याला कळणं' या दोन गोष्टी वेगळ्या.

आता एक सांगतो, ते मनापासून घ्या. तुमचा फोन हा त्या गाळलेल्या चौथ्या-पाचव्या दशांश स्थळासारखा असेल, तर तुमचे बाकीचे सगळे फोनही तसेच आहेत. वर्षानुवर्षं तुम्ही आप्पांना फोन करत आलात. एखाद्या दिवशी त्या दोन मिनिटांमुळे ते रस्त्यावर उशिरा पोचले असतील आणि भरधाव ट्रॅक्टर आधीच निघून गेला असेल. ते फोन कोणत्याच वहीत नाहीत, कारण त्या दिवशी काही घडलं नाही. एकाच फोनचा हिशेब मांडायचा आणि बाकीच्यांचा नाही, हे गणित म्हणून चूक आहे.

सरळरेषा

सातमाळा सर, मान्य. मी सोपं करायला गेलो. पण ज्याला कारणच माहीत होऊ शकत नाही, त्यानं वागायचं कसं? उद्या मी फोन करायचा की नाही?

जुनी वही

सरळरेषा, हा प्रश्न हजाराहून जास्त वर्षांपूर्वी चार्वाकांनी विचारलाय. धूर दिसला म्हणून आग आहे असं म्हणता, पण सगळे धूर कोणी पाहिलेत? उद्याचा धूर आगीवाचून निघणार नाही कशावरून? दहाव्या शतकातल्या उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत याला उत्तर दिलं. शंका घ्या, पण आपल्याच वागण्याशी ती भांडायला लागली की तिथे तिची हद्द. धुरासाठी आगच पेटवणारा आणि भुकेला अन्नच खाणारा माणूस 'कारण असं काही नसतंच' असं म्हणत असेल, तर त्याचे हात त्याच्या तोंडाला खोटं पाडतात. व्याप्ती पूर्ण सिद्ध झाली असा याचा अर्थ नाही. शंका कुठवर ताणायची, एवढंच ते सांगतात.

आणि हद्दीबद्दल. आमच्या अमळनेरात प्रताप शेठांनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभारलं. साने गुरुजी आधी तिथे आले होते, हे खानदेशात सगळ्यांना ठाऊक असतं. कमी जणांना ठाऊक असतं ते हे की तिथल्या तिघांनी, मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती यांनी, १९३३ मध्ये मिळून 'अज्ञान' याच विषयावर पुस्तक काढलं. एकाच छताखाली राहून तिघांनी आपापली वेगळी मतं मांडली. मला त्याचा फार अभिमान वाटतो.

अज्ञान म्हणजे नुसती ज्ञानाची उणीव, की तेही अनुभवाला येणारं काहीतरी? अद्वैती म्हणतात, गाढ झोपेतून उठलेला माणूस सांगतो, 'मला काहीच कळलं नाही.' हे न कळणं त्याला कळलं कसं? त्याअर्थी अज्ञानालाही कोणीतरी साक्षी आहे. दादा, 'फोन केला नसता तर काय झालं असतं, मला ठाऊक नाही' हे तुमचं वाक्य मला रिकामं वाटत नाही. 'माझ्यामुळे गेले' या वाक्यापेक्षा त्यात जास्त ज्ञान आहे. पहिलं वाक्य तुम्ही तपासून म्हणता, दुसरं न तपासता.

वाघूर

जुनी वही, यात एक शंका. 'कोणी अडवलं नाही' हेही कारण धरायचं का? रोज ऐकते, 'आम्ही लक्ष दिलं नाही म्हणून.' पण लक्ष न देणारे कितीजण धरायचे? अडवलं तर अख्ख्या गावानं नव्हतं.

जुनी वही

ताई, नेमकं बोट ठेवलंत. नैयायिक अडथळ्याच्या अभावालाही कारण मानतात, पण साधारण कारणांच्या रांगेत बसवून. 'अडवणारा नव्हता' हा अभाव गावातल्या प्रत्येकाच्या नावानं सारखाच लागतो. त्यातला एकच माणूस वेगळा काढायचा तर अडवणं हे त्याचं काम होतं असं आधी धरावं लागतं. तिथे प्रश्न कारणाचा राहत नाही, कर्तव्याचा होतो. अपराधी वाटताना आपण हे दोन प्रश्न एकात एक गुंतवतो, असं मला वाटतं.

शेवरीकाठ

वही आली. भावानं पानांचे फोटो पाठवले. आप्पांची खिशातली वही, कडा घामानं पिवळ्या पडलेल्या.

त्या मे महिन्यात दिवसपाळीच्या अकरा नोंदी आहेत. त्यातल्या सात दिवशी आप्पा अकरानंतरच शेतात गेलेले. माझ्या त्या महिन्यातल्या फोनच्या यादीचा फोटो मी तेव्हाच काढून ठेवला होता, का ते मलाही सांगता आलं नसतं. त्या सातपैकी तीनच दिवशी सकाळी माझा फोन होता. चार दिवस ते कोणी न विचारता भर उन्हात गेले होते. भाऊ म्हणाला, सकाळी केळीची कापणी बघायचे, म्हणून उशीर व्हायचा.

काळी कसदार, ही तुमची शेजारची ओळ. लहान आहे, चिठ्ठ्या टाकून निवडलेली नाही, हे कळतं. फोन 'नेमानं आधी' नव्हता एवढं दिसतं. त्या एका दिवशी तो कारण नव्हताच, असं यातून सिद्ध होत नाही, आणि मी ते तसं लिहिणारही नाही.

शेवटची नोंद १२.२० ची आहे. 'व्हॉ. ३ चालू.' म्हणजे दोन बदलून झाले होते. अक्षर नेहमीसारखंच, कुठे थरथर नाही. तिसरा व्हॉल्व्ह तसाच उघडा राहिला, भावानं तिसऱ्या दिवशी जाऊन बंद केला.

वाघूर ताई, गोळ्यांचं भावाला सांगितलं. आईलाही रक्तदाबाचीच गोळी आहे. उद्या डॉक्टरांना चिठ्ठी दाखवून उन्हाळ्यापुरतं काय करायचं ते विचारणार आहेत.

काळी कसदार

भाऊ, मोटरला मोबाइलवरून चालणारा स्टार्टर आणि व्हॉल्व्हला टायमर बसवा. आमच्याकडे बसवलाय. भर उन्हात जायचं काम राहिलेलं नाही.

पांझरेचा

मन्हा बापनी वही नही. पन गल्लीमा ईचारस, तो कोनता कोनता दिनले फवारा मारे.

शेवरीकाठ

पांझरेचा भाऊ, विचारा, आणि इथे लिहा. मी वाट बघतो.

काल आईशी बोललो. साधारण आणि असाधारण कारण तिला आपल्या भाषेत समजावून सांगितलं. देव सगळ्यालाच कारण आहे, म्हणून हेच का झालं ते त्याला विचारून कळत नाही. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. घागरीचं ऐकून म्हणाली, बरं. मग थोड्या वेळानं म्हणाली, "मी काय त्याला कारण विचारत होते का रे? मी तर म्हणत होते, आता आप्पा त्याच्याजवळ आहेत."

जुनी वही ताई, याला न्यायात काय म्हणतात?

जुनी वही

मला लगेच सांगता येत नाही, दादा. आईंना माझा नमस्कार सांगा. शोधून लिहिते.